ग्लाशनाच्या चौफुलीवरची अर्धी पेनी

डिंप्ना क्रेमिन शाळेची बस चालवते. अठ्ठावीस वर्षं झाली, एकदाही कुंपणाला घासलेली नाही. उत्तर कॉर्कमधला एकूण एक आडरस्ता तिला तोंडपाठ आहे, फक्त ग्लाशनाच्या चौफुलीवरून ती बस नेत नाही. डेअरीकडून दीड मैलाचा वळसा घालते. मुलं पावसात कुडकुडत उभी असली तरी घालते. नव्याने आलेल्या मुख्याध्यापकांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "तिथे माझ्या आईची सायकल गेली." मुख्याध्यापक डब्लिनचे. त्यांना वाटलं, मोठा अपघात झाला असणार. बिचाऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

अपघात कसला आलाय! सायकल गेली ती नाणी उडवण्यात. रविवारी चर्चमधली अकराची मिस्सा सुटली की आमच्याकडचे पुरुष चौफुलीवर जमतात. एक कंगवा, त्यावर तांब्याच्या दोन जुन्या अर्ध्या पेन्या. कंगव्याने त्या डोक्याच्या वर उडवायच्या आणि डांबरावर पडू द्यायच्या. दोन्ही मुंडकी, म्हणजे चेहऱ्याच्या बाजू, वर आली तर उडवणारा जिंकला. दोन्ही हार्प, म्हणजे मागच्या वीणेसारख्या वाद्याच्या बाजू, वर आले तर कंगवा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मुकाट मागे सरायचं. एक मुंडकं, एक हार्प असं पडलं तर पुन्हा उडवा. खेळ म्हणून एवढाच. पण एवढ्याशा खेळापायी डिंप्नाच्या बापाने, डेनिस क्रेमिनने, बायकोची कोरी करकरीत निळी सायकल डावाला लावली आणि घालवली. ती पुढे अकरा वर्षं पॅटसी रियर्डनच्या आईच्या बुडाखाली गावभर हिंडली. डिंप्नाची आई नोनी मिस्सेला पायी निघायची आणि तिचीच सायकल तिच्या अंगावर चिखल उडवत पुढे जायची. हे ज्याने पाहिलं आहे त्याने नोनीला तिरसट म्हणू नये.

सायकल गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नोनीने तिन्ही पोरांना चुलीपुढे रांगेत उभं केलं आणि जन्मात कधी त्या चौफुलीवर थांबणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. पुढे थोरला बॉस्टनला गेला, धाकटा लिव्हरपूलला. तिथून ग्लाशनाची चौफुली टाळायला फार कष्ट पडत नाहीत. शपथ खरी पडली ती मधल्या डिंप्नाच्या गळ्यात. तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता सत्तावन्न. बाप जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि शहाऐंशी वर्षांची नोनी अजून खिडकीत बसून रस्त्यावर डोळा ठेवून असते.

आता दैवाची गंमत बघा. ज्या घरात नाणं हा शब्द काढायची चोरी, त्याच घरातली पोर नाण्यांपायी वेडी झाली. दहा वर्षांची असताना शेजारच्या म्हातारीने पाणी भरून दिल्याबद्दल तिला फडताळातल्या किटलीतून एक काळं नाणं काढून दिलं होतं. त्यावर हार्प हाताशी घेऊन बसलेली बाई, खाली साल १७२३. डिंप्नाने ते मुठीत धरलं आणि रात्रभर सोडलं नाही. तेव्हापासून जे सुरू झालं ते आजतागायत. आज तिच्या खोलीतल्या चपट्या खणांच्या कपाटात काय नाही? हेन्री राजाच्या काळातलं हार्पचं चांदीचं ग्रोट नाणं आहे. युद्धात डब्लिनकरांची चांदीची ताटं-वाट्या वितळवून घाईघाईत कापलेला वाकडातिकडा शिलिंग आहे. हरायला लागलेल्या राजाने जुन्या तोफा मोडून पाडलेली पितळी नाणी आहेत, त्यांवर साल तर असतंच, शिवाय महिनासुद्धा असतो. तिच्याबरोबरच्या बायका स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन लालबुंद होऊन येतात, ही सुट्टी काढून बेलफास्टच्या लिलावाला जाते.

"बापाने उडवलं ते हिने पुरलं," नोनी म्हणायची. "आमच्या घरात नाणं सरळपणे बाजारात जाईल तर शपथ."

पण डिंप्नाचा जीव अडकला होता एकाच खणात. तिथे १७६० सालच्या तांब्याच्या अर्ध्या पेन्या होत्या. त्या वर्षी बाजारात सुट्ट्या नाण्यांचा दुष्काळ पडला आणि सरकार काही हलेना, तेव्हा डब्लिनमधल्या कुणा बटणं करणाऱ्याने स्वतःच नाणी पाडली म्हणतात. त्यावर राजाचं नाव घालायची सोय नव्हती, म्हणून गड्याने 'लोकांच्या आवाजाने' असं लॅटिनमध्ये कोरून टाकलं. चेहरा राजाचा की राजाच्या वैऱ्याचा, यावर अजून भांडणं होतात. डिंप्नाला हे फार आवडायचं. नाणं असावं तर असं आगाऊ! त्या नाण्यांचे जेवढे प्रकार मिळणं शक्य होतं तेवढे तिने जमवले होते, अकरा. बारावा खळगा एकवीस वर्षं रिकामा होता. ठसा कोरणाऱ्याने एका ठशावर सहाच्या जागी शून्य मारलं होतं आणि १७६० चं झालं १७००. त्या चुकीचं एक नाणं तिला हवं होतं. लिलावात ते दोनदा आलं आणि दोन्ही वेळा बोली तिच्या आवाक्याबाहेर गेली.

मे महिन्यातल्या एका रविवारी डिंप्ना कॅमोगीच्या, म्हणजे मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, सामन्यासाठी बारा वर्षांखालच्या मुलींना घेऊन निघाली. सामना पाऊण तासावर, बसमध्ये वीस पोरी, चाळीस काठ्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी. डेअरीच्या रस्त्यावर आडवं झाड पडलेलं. दुसरा रस्ता एकच. तिने मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि बस चौफुलीकडे वळवली. थांबायचं नाही एवढंच शपथेत होतं, जायचं नाही असं नव्हतं. वकिलालाही सुचली नसती अशी पळवाट तिने दोन मिनिटांत काढली.

पण देवाच्या मनात वेगळंच. पुरुषांचं कोंडाळं रस्त्याच्या मधोमध. बस दिसताच ते बाजूला झाले, पण नुकतंच उडालेलं एक नाणं गडगडत थेट पुढच्या चाकाशी आलं. डिंप्नाने करकचून ब्रेक दाबला. वीस पोरी पुढे आल्या. ती खाली उतरली, वाकली आणि नाणं उचललं.

"हात लावू नकोस!" एकदम आठ-दहा जण ओरडले.

"मेलं ते आता!" पॅटसी रियर्डन कपाळावर हात मारून म्हणाला. तोच तो, सायकलवाल्या बाईचा मुलगा, आता पासष्टीचा. "निवाडा व्हायच्या आधी हात लागला की फेक मेली. दोन्ही मुंडकी होती, माझी शपथ! क्रेमिनांनी आमचं वाटोळं करायचं ठरवलंय का?"

डिंप्नाला काही ऐकू येत नव्हतं. अंगठ्याखाली तिला लांब नाकाचा तो चेहरा लागला होता. ओळखीचा, तिच्या खणातला. तिने नाणं उलटं केलं. बाई, हार्प, आणि अगदी तळाला, कडेच्या आडोशाला वाचून राहिलेलं साल. एक. सात. गोल. गोल. तिसऱ्या आकड्याला शेपूट नव्हतं. शेपूट मुळात नव्हतं की दोनशे साठ वर्षांत झिजलं? भिंगाशिवाय सांगता येईना आणि भिंग घरी.

"दे इकडे पोरी," कॉन हेरलिही म्हणाला. कॉन त्या जमावाचा म्होरक्या. नाणी आणि कंगवा त्याच्याच खिशात राहतात. त्याच्या डोक्यावर एक केस नाही, पण कंगव्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही.

"कॉन, हे मला विकत द्या," डिंप्ना बोलून गेली. "काय म्हणाल ते देते."

बाईमाणसाने भर चौफुलीवर नाणं विकत मागितलं, यापेक्षा तिने पाद्रीबाबांचा झगा मागितला असता तरी चाललं असतं.

"विकत?" कॉन शांतपणे म्हणाला. "ही जोडी माझ्या आज्याच्याही आधीपासून इथे पडतेय. इथलं काही विकत मिळत नाही. एकच वाट आहे. सलग तीनदा मुंडकी पाडायची. मध्ये एकदाही जोडीने हार्प नाही. मग दोनांतलं एक उचलायचं. आणि त्याच्या जागी त्याच वजनाचं दुसरं ठेवायचं, नाहीतर जोडी सारखी पडत नाही."

"कुणी केलंय असं?"

"नेणारा नेतो की पैसे. नाणं कोण येडं नेतंय?"

"येडी आली बघा!" पॅटसी म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले. बसमधल्या पोरीसुद्धा खिडक्यांतून हसल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे.

तो आठवडा डिंप्नाने कसा काढला ते तिलाच माहीत. सोमवारी तिने एका मुलाला दुसऱ्याच्याच घरी उतरवलं. बुधवारी डिझेलऐवजी पेट्रोल भरता भरता वाचली. रोज संध्याकाळी दार लावून काट्यावर अर्ध्या पेन्या तोलत बसायची. चौफुलीवरच्या नाण्याचं वजन तिच्या बोटांनी धरून ठेवलं होतं, अशी तिची खात्री. त्या जोडीशी जुळेल असं नाणं म्हणजे १७६० चंच हवं. आणि झिजकं चालणार नव्हतं. उभ्या माणसाला वरून मुंडकं की हार्प ते दिसलं पाहिजे. म्हणजे अकरांतलं सगळ्यात सुंदर, चॉकलेटी रंगाचं, राजाचा किंवा वैऱ्याचा केस न् केस मोजता येईल असं नाणं डांबरावर आपटायला द्यायचं! तेही एका शून्याच्या भरवशावर, जे कदाचित शून्य नसेलच. तिने ते चारदा खिशात घातलं आणि चारदा काढून ठेवलं.

आणि आई? आईला काय सांगायचं? डिंप्नाने आयुष्यात नोनीशी खोटं बोलून पाहिलं होतं ते तीनदा आणि तिन्ही वेळा जेवणाआधी पकडली गेली होती.

रविवारी मिस्सा सुटल्यावर तिने नोनीला घरी सोडलं, बटाटे उकळत ठेवले आणि "जरा बसच्या चाकांत हवा भरून येते," म्हणाली. नोनीने तिच्याकडे पाहिलं. "रविवारची?" एवढंच म्हणाली आणि कोबी चिरायला घेतला. डिंप्ना दारातून बाहेर पडली ती मागे न बघता. सत्तावन्नाव्या वर्षी आईला फसवून जाताना जी भीती वाटते ती बाराव्या वर्षीपेक्षा तसूभरही लहान नसते.

चौफुलीवर बातमी आधीच पोचली होती. नेहमीचे पंधरावीस असतात, आज चाळीस होते. कुंपणावर, ट्रॅक्टरवर, जागा मिळेल तिथे बसलेले.

"आली, आली! क्रेमिनांची पोर आली!"

"सायकल आणलीस का गं?" पॅटसीने विचारलं.

"तुझ्या आईने मोडकी परत केली असती तर आणली असती," डिंप्ना म्हणाली. चौफुली हसून हसून लोळायची बाकी राहिली. पॅटसीचे कान लाल झाले. पण तिच्यासाठी पहिली जागा करून दिली ती त्यानेच, हेही सांगायला हवं.

तिने आपलं नाणं कॉनच्या हातावर ठेवलं. कॉनने एका तळव्यावर ते, दुसऱ्यावर चौफुलीचं, असं डोळे मिटून तोललं. मग डोळे उघडून नव्याकडे बघत राहिला. "हे इथे टाकणार तू?" तो हळूच म्हणाला. "पोरी, हे फार देखणं आहे गं."

"माहीत आहे. कंगवा द्या."

तिने कधी नाणी उडवली नव्हती. कंगवा हातात आला, त्यावर चौफुलीचीच दोन जुनी काळी नाणी बसली, त्यांतलं एक तिला हवं असलेलं बारावं. आणि मनगटाने, कुणी न शिकवता, जे करायचं ते केलं. नाणी सरळ वर गेली, वाळक्या पानांसारखी फडफडली नाहीत, एकमेकांना धरून गोल गोल फिरत गेली आणि खणकन डांबरावर उतरली. तिने डोळे मिटले. तो आवाज तिच्या दातांत गेला. अशा नाण्याला ती कापसाच्या मोज्यांशिवाय शिवत नसे!

"मुंडकी!" कॉन म्हणाला.

"डेनिसचं मनगट," मागून कुणीतरी म्हातारं बोललं. "डेनिसचंच, हुबेहूब."

दुसरी फेक एक मुंडकं, एक हार्प. पुन्हा. पुन्हा एक-एक. पुन्हा. चौथ्यांदा नाणी पडली आणि कॉनला वाकावंही लागलं नाही. "मुंडकी! दोन झाले!"

डिंप्नाचं काळीज असं उडत होतं की तिला वाटलं, कंगव्यावरची नाणी त्यानेच हलतायत. आईची आठवण नव्हती, खणाची नव्हती, इतकंच काय, त्या शून्याचीही नव्हती. फक्त वर जाणारं तांबं आणि खाली येणारं तांबं. तिने तिसऱ्या मुंडक्यांसाठी उडवलं.

एक जागच्या जागी पडलं. मुंडकं. दुसरं, तिचं बारावं, कडेवर उतरलं आणि चालू लागलं. माणसं पाय उचलून वाट देत होती. रस्त्याच्या उताराला लागलं, वेग घेतला आणि थेट गटाराच्या लोखंडी जाळीकडे निघालं. खाली वीस फूट चिखल.

"हात लावू नकोस!" कॉन ओरडला. "लावलास तर मेली फेक!"

ती दोन पावलं धावली आणि थांबली. दोन्ही हात काखांत घालून घट्ट आवळले. नाणं जाळीवर चढलं, एका पट्टीवर डुगडुगलं, दोन पट्ट्यांच्या फटीकडे कललं आणि आडवं पडलं. दोन पट्ट्यांवर, पुलासारखं.

कॉन गुडघ्यांवर बसून जाळीपाशी वाकला. त्याला चांगलाच वेळ लागला, की तो मुद्दाम लावत होता, देव जाणे.

"मुंडकं!" तो म्हणाला आणि चौफुलीवर अशी आरोळी उठली की पलीकडच्या शेतातल्या गाई पळाल्या. पॅटसी रियर्डनने डिंप्नाला उचललं, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. कुणी टोप्या उडवल्या. डिंप्नाने स्वतः जाळीवरून नाणं उचललं. आता लावायचा होता तेवढा हात लावता येत होता.

"हात गरम आहे तुझा," कॉन म्हणाला. त्याने कंगवा पुढे केला. त्यावर जोडी लागलेली होती, एक जुनं आणि एक तिचं देखणं. "आणखी एक? असा हात रोज लागत नाही."

"उडव! उडव!" सगळे ओरडले.

डिंप्नाने पाहिलं तर तिचा हात पुढे गेलेला होता. तिने नेला नव्हता, तो आपणहून गेला होता आणि बोटं कंगव्याला लागली होती. असं सुख तिला चाळीस वर्षांत कुठल्या लिलावात, कुठल्या खणात मिळालं नव्हतं. तिने हात मागे घेतला.

"बटाटे लागतील," ती म्हणाली आणि बसकडे चालू लागली.

बसमध्ये बसून तिने भिंग काढलं. कड, हार्प, बाई. एक. सात. शून्य, स्वच्छ, मुळापासून गोल, शेपटीचा मागमूस नाही. शून्य! तिने दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि दाबून धरला. घरापर्यंत ती मोठमोठ्याने काय बोलत होती ते तिलाही आठवत नाही.

स्वयंपाकघरात बटाटे उतरवलेले होते. नोनी टेबलाशी बसली होती, हात मांडीवर. डिंप्नाने नाणं टेबलावर ठेवलं.

"भरली हवा?" नोनीने विचारलं.

"चौफुलीवर गेले होते आई."

"ठाऊक आहे. तो हॉर्न मिलस्ट्रीटपर्यंत ऐकू गेला असेल." नोनीने नाण्याला हात लावला नाही. "किती पाडलीस?"

"तीन. सलग."

"मग कॉनने कंगवा पुन्हा पुढे केला असेल. करतातच ते."

"केला."

"आणि?"

"घरी आले."

नोनीने हात पुढे केला आणि नाणं नव्हे, लेकीचा उजवा हात धरला, मनगटाशी, घट्ट.

"तुझ्या बापानेही तीनदा पाडली होती गं," ती म्हणाली. "सायकल चौथ्या फेकीला गेली."